शंखाचं तोंड डावीकडे की उजवीकडे? फायसा आणि लिम्निया

जत-आटपाडीकडचं शेततळं असो, वाईकडचा पाट असो की मिरजेतल्या गोठ्यापुढचा हौद, शेवाळात नखाएवढी तपकिरी गोगलगाय दिसली की ‘शंख आहे’ म्हणून आपण मोकळे होतो. पण तो शंख दोन वेगळ्या कुळांतला असू शकतो. लिम्निया आपल्याकडचीच, आणि जनावरांच्या यकृतातल्या चपट्या कृमीला वाढवणारी. फायसा मूळची उत्तर अमेरिकेतली, आता जवळजवळ सगळ्या खंडांवर पोचलेली.

ओळख पटवायला शंख चिमटीत धरा. टोक वर, तोंड आपल्याकडे. तोंड उजव्या हाताला आलं तर लिम्निया, डाव्या हाताला आलं तर फायसा. इथे दोन चुका हमखास होतात. टोक खाली धरलं की डावं-उजवं उलटं होतं. दुसरी चूक मोबाइलची: सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटो बऱ्याच फोनमध्ये आरशासारखा उलटा साठतो, आणि तो पाहून ओळख सांगणाराही फसतो. मागचाच कॅमेरा वापरा.

शंख झिजला असेल तर जिवंत गोगलगाय काचेच्या ग्लासात सोडून पाच मिनिटं थांबा. लिम्नियाची शिंगं चपटी, त्रिकोणी असतात. फायसाची दोऱ्यासारखी बारीक. फायसाच्या अंगावरच्या पातळ पडद्याची बोटांसारखी टोकं शंखाबाहेर वळलेली दिसतात. काडीने डिवचलं तर ती शंख झटकन डावी-उजवीकडे हलवते. जळवेच्या तावडीतून सुटायची ही तिची युक्ती. चिकट धाग्यावरून पृष्ठभागाकडे चढतानाही ती दिसते. अंड्यांवरून मात्र निर्णय करू नका, दोघींचीही पारदर्शक जेलीतच असतात. आणि तोंडाला घट्ट झाकण असेल तर ती या दोघींपैकी कुणीच नाही.

तिसरीही एक आहे, चकतीसारखी चपटी इंडोप्लॅनॉर्बिस. तीही मुळात डावखुरीच, पण तिला वर आलेलं टोक नसल्याने वरची कसोटी तिला लावू नका. गुरांच्या नाकातल्या, घोरायला लावणाऱ्या कृमीची ती वाहक. तिच्यातून पाण्यात सुटणाऱ्या अळ्यांनी माणसाच्या कातडीलाही खाज सुटते, म्हणून गोगलगायी वेचताना रबरी हातमोजे घाला.

फायसाचं नाव लागलं ते फ्रान्समध्ये. द्रापार्नो या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने गारोन नदीतल्या नमुन्यांवरून तिला ‘फायसा अक्युटा’ म्हटलं. हे नाव छापलेला त्याचा ग्रंथ १८०५ मध्ये आला, तो स्वतः १८०४ मध्येच वारला होता. तिकडे अमेरिकेत निसर्गअभ्यासक थॉमस से याने १८१७ मध्ये ‘हेटेरोस्ट्रोफा’ नावाची जात नोंदवली. पुढे शंखाच्या आकारातल्या फरकांवरून नावांचा नुसता ढीग झाला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संकराच्या प्रयोगांत युरोपातली अक्युटा आणि अमेरिकेतली हेटेरोस्ट्रोफा यांच्यात प्रजननाचा अडसर आढळला नाही. म्हणजे जात एकच, आणि आधी छापलेलं नाव टिकलं. आता काही जण तिला ‘फायसेला’ प्रजातीत घालतात. यादीत दोन्ही नावं दिसली तर दोन जाती धरू नका.

ती पसरते मुख्यतः मत्स्यालयातल्या पाणवनस्पतींबरोबर. पानाखाली अंड्यांची जेली चिकटलेली असते, विकणाऱ्याला दिसत नाही, घेणारा बघत नाही. ही उभयलिंगी, जोडीदार नसला तर काही दिवस वाट पाहून स्वतःच फलित अंडी घालते. एकटी पुरते. हवा फुफ्फुसाने घेत असल्याने सांडपाण्यातही तगते. नवी वनस्पती आणली की दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा, दर चार दिवसांनी पानांची खालची बाजू तपासा आणि जेली नखाने खरवडून काढा. टबातलं पाणी ओढ्यात न ओतता कोरड्या जमिनीवर, उन्हात ओता. हौदात झाली असेल तर संध्याकाळी कोबीचं पान सोडा, सकाळी लगडलेल्या गोगलगायींसकट उचला. अंडी मागे राहतातच, त्यामुळे हे महिनाभर करावं लागतं. मोरचूद टाकायचा मोह होतो. गोगलगायी मरतात, पण मासेही मरतात आणि हौद जनावरांना पाजण्याजोगा राहत नाही.

लिम्निया निघाली तर काम वेगळं. नुसत्या गोगलगायी वेचून भागत नाही, कारण कृमीच्या अळ्या तिच्यातून बाहेर पडून काठच्या गवतावर कोष करून बसतात आणि जनावराच्या पोटात जातात त्या चाऱ्यातून. ओढ्याच्या चिखलकाठावरचं ओलं गवत कापून घालू नका, पाणी हौदात आणून पाजा, शेण पाण्यापासून लांब कुजवा. जबड्याखाली सूज, दूध कमी अशी लक्षणं असतील तर शेण तपासून घ्या. तपासताना डॉक्टरांना यकृतकृमीचा संशय स्पष्ट सांगा: या कृमीची अंडी जड असतात, नेहमीच्या तरंगवण्याच्या पद्धतीत ती वर येत नाहीत आणि अहवाल स्वच्छ येतो. त्यासाठी गाळ बसवूनच बघावं लागतं.