शेततळ्यातील मत्स्यपालन (खानदेश)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत केळी, कापूस व भाजीपाल्याच्या ओलितासाठी खोदलेल्या, बहुधा प्लॅस्टिक कागद अंथरलेल्या तळ्यांत गोड्या पाण्यातील मासे वाढवण्याचा जोडधंदा. तळे पिकासाठी असते आणि मासा त्यातला पाहुणा. पाणी कधी आणि किती उपसायचे हे बाग ठरवते. म्हणून या धंद्याचा नफातोटा पाण्याच्या उतरणीपासूनच मोजावा लागतो.

पाण्याचा हिशेब

तोंडाशी 30 × 30 मीटर, 3 मीटर खोल आणि काठाला दीडास एक उतार असे तळे घेतले, तर तळ 21 × 21 मीटरचा राहतो आणि काठोकाठ सुमारे 1,970 घनमीटर पाणी मावते. पातळी दीड मीटरवर आली की उरते 813 घनमीटर, म्हणजे 41 टक्केच. एक मीटरवर जेमतेम चौथा हिस्सा राहतो. मासे मात्र तेवढेच, तेही बीज सोडले त्या ऑगस्टपेक्षा कितीतरी जड. मे महिन्यात बाष्पीभवनानेच रोज सेंटिमीटरभर पाणी उडते, शिवाय केळीची तहान वेगळी. त्यामुळे काढणी एप्रिलअखेर, साधारण आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत उरकावी लागते. आखाजीला सालदारांचे, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्यांचे, नवे साल धरतात, तेव्हा रोकड लागते हेही कारण आहेच. अडचण अशी की चैत्रात नवरात्रामुळे मासळीला उठाव कमी असतो, आणि खरी मागणी आखाडात, श्रावण लागण्याआधी येते. तोवर तळ्यात चिखल.

बीज सोडणे

मत्स्यजिरे (नुकती निघालेली पिल्ले) किंवा लहान मत्स्यबीज थेट शेततळ्यात सोडणे तोट्याचे. बेडूक, पाणकिडे आणि पाणकावळे त्यांचा फडशा पाडतात. 8–10 सेंटिमीटरची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) घ्यावी. जागा असेल तर गेल्या वर्षी दाटीत ठेवून वाढ रोखलेले बीज उत्तम, कारण हातात आठ-नऊच महिने असतात. प्रमाण चौरस मीटरला एक, म्हणजे वरच्या तळ्यात 900. कटला, रोहू आणि मृगळ हे नेहमीचे त्रिकूट. पण कागदाच्या तळ्यात गाळ नसल्याने तळाशी चरणाऱ्या मृगळाची उपासमार होते, म्हणून त्याचा वाटा कमी ठेवून रोहू वाढवतात. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या 15–20 मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून, मग तोंड सोडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यायचे. हे काम उन्हात केले की दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात पांढरी पोटे दिसतात.

खाद्य आणि पैसा

मातीच्या तळ्यात शेण आणि चुन्यावर प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) तयार होते आणि माशाचे अर्धे पोट त्यावर भरते. कागदाच्या तळ्यात ते फार कमी, म्हणून सगळा भार विकतच्या खाद्यावर पडतो. समजा 75 टक्के मासे जगले आणि सरासरी 600 ग्रॅम भरले, तर माल 405 किलो. काठावर किलोला 110 रुपये धरले तर 44,550 रुपये येतात. किलोभर मासळीला 1.6 किलो खाद्य लागले आणि खाद्याचा दर 45 रुपये धरला, तर खर्च 29,160. बीज 3,600 आणि चुना, औषध, जाळेवाला मिळून 3,000 वजा जाता हातात 8,790 राहतात. आता तेच खाद्य 2.2 किलो लागले, तर खाद्याचे बिल 40,095 होते आणि धंदा 2,145 रुपयांनी तोट्यात जातो. दर तालुक्यागणिक बदलतील, पण खाद्याच्या या एका आकड्याचे वजन बदलत नाही. 2020 पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान ठेवले गेले. ते भांडवलाचा भार हलका करते, महिन्याचे खाद्याचे बिल नाही.

खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या 2–3 टक्के, दोन वेळा, ठरल्या कोपऱ्यात द्यावे. पंधरा-वीस मिनिटांत संपले नाही तर पुढच्या वेळी कमी करावे. दर पंधरवड्याला फेकजाळ्याने वीस-पंचवीस मासे काढून तोलल्याशिवाय हा हिशेब अंदाजपंचे राहतो.

काय बिघडते

सर्वांत मोठा घात पहाटेचा. दाट शेवाळ दिवसा प्राणवायू देते आणि रात्री ओढून घेते. ढगाळ दिवसांनंतर पहाटे चार-पाचला मासे तोंड वर काढून हवा गिळू लागतात, आधी कटला, मग बाकीचे. अशा वेळी खाद्य बंद करून पंपाने तेच पाणी फवाऱ्यासारखे परत तळ्यात पाडावे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर असावा. एप्रिलमध्ये दुपारी पाण्याचा सामू (pH) 9 च्या पुढे गेला की अमोनियाचे विष वाढते, म्हणून भर दुपारी खाद्य टाकू नये.

आर्ग्युलस, म्हणजे माशाची ऊ, हिरवट चपटी असते आणि नुसत्या डोळ्यांनी दिसते. खवल्यावर सरकते तेव्हाच ओळखू येते. मासे काठाला अंग घासतात, उड्या मारतात आणि खाणे सोडतात. ती कठीण पृष्ठभागावर अंडी घालते, म्हणून बांबूच्या चट्या पाण्यात उभ्या टांगून दर आठवड्याला बाहेर काढून कडक उन्हात वाळवतात. खानदेशात या उपायाला उन्हाची कमतरता नाही.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत अंगावर लाल व्रण पडणारा बुरशीजन्य रोग येतो. थंडीआधी हेक्टरी 200 किलो चुना, म्हणजे या तळ्यात 18 किलो, विरघळवून फवारावा. रोग दिसल्यास भुवनेश्वरच्या सिफा या गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेचे सिफॅक्स हे औषध दर हेक्टर-मीटर पाण्याला 1 लिटर देतात. भरलेल्या तळ्याला सुमारे 200 मिली पुरते.

माणसाच्या हातून होणारे दोन घात वेगळे सांगायला हवेत. कपाशीवरच्या पायरेथ्रॉइड कीटकनाशकाचा अंशही माशांना मारतो, त्यामुळे फवारणीचा पंप तळ्यात धुणे म्हणजे हंगाम घालवणे. दुसरा घात मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा. शेवाळाने ठिबकचा सॅन्ड फिल्टर चोंदतो, म्हणून बागाईतदार सवयीने तळ्यात मोरचूद टाकतात. मासे सोडल्यावर ते बंद करून फिल्टरचा बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने धुणे) वाढवावा, उपशाचे तोंड पृष्ठभागाखाली मीटरभर ठेवावे आणि त्याला बारीक जाळी बांधावी. नाहीतर बोटुकल्याच फिल्टरमध्ये सापडतात.