पॅरिस-तूर आणि द्राक्षबागांतल्या पाणंदी : वादामागची पार्श्वभूमी

ऑक्टोबर महिन्यात होणारी पॅरिस-तूर ही एकदिवसीय सायकल शर्यत २०१८ पासून उत्तरार्धात डांबरी रस्ता सोडते आणि व्हूव्रे, आंब्वाझ या लोआर खोऱ्यातल्या गावांभोवतीच्या द्राक्षबागांच्या पाणंदींत शिरते. पहिल्या वर्षी अशा नऊ पाणंदी होत्या, मिळून साधारण साडेबारा किलोमीटर. दोनशेहून अधिक किलोमीटरच्या शर्यतीत एवढे अंतर किरकोळ वाटते. अशा शर्यतीत कच्च्या वाटा असाव्यात का, यावरून उठलेला वाद मात्र किरकोळ नव्हता आणि तो अजून पुरता शमलेलाही नाही.

फ्रान्समधल्या रस्त्यावरच्या शर्यती वाइनच्या मुलखातून पहिल्यापासूनच जात आल्या आहेत. १८९१ ची बोर्दो-पॅरिस शर्यत द्राक्षबागांच्या राजधानीतून सुटली. सायकलपटू वाटेत मुक्काम करतील या समजुतीने आयोजकांनी गावोगावी जेवणाखाण्याची, विश्रांतीची सोय करून ठेवली होती. इंग्रज विजेत्याने मात्र साडेसव्वीस तासांत पॅरिस गाठले. १९०३ च्या पहिल्या टूर द फ्रान्सच्या सहा टप्प्यांपैकी एक बोर्दोत संपला आणि पुढचा तिथूनच निघाला. यात वाइनचा वाटा फारसा नव्हता. बोर्दो मोठे शहर होते, रेल्वेने जोडलेले होते आणि तिथे सायकलवेडे प्रेक्षक होते. द्राक्षबागा रस्त्याच्या कडेला होत्या, पुढची शंभरेक वर्षे त्या कडेलाच राहिल्या.

मधल्या काळातली एक हकिगत सांगायलाच हवी, कारण ती नेहमी चुकीच्या पद्धतीने सांगितली जाते. १९५० च्या टूरमध्ये पेर्पिन्याँ ते नीम हा टप्पा लांगदॉकच्या द्राक्षपट्ट्यातून, रणरणत्या उन्हात होता. आघाडीवरच्या दोघांपैकी एक अल्जेरियन सायकलपटू उन्हाने कोसळला. शुद्धीवर आल्यावर तो पुन्हा सायकलवर बसला आणि ज्या दिशेने आला होता तिकडेच निघाला. त्याच्या अंगाला वाइनचा वास येत होता, म्हणून तो पिऊन पडला अशी आवई उठली. त्याचे स्वतःचे म्हणणे होते की तो मुसलमान आहे, दारूला शिवत नाही. लोकांनी शुद्धीवर आणण्यासाठी त्याच्यावर वाइन ओतली होती. सत्तर वर्षे लोक ही गोष्ट विनोद म्हणून सांगत आले. त्या माणसावर हा अन्याय आहे.

वाइनवाल्यांनी रस्त्याकडे लक्ष दिले ते मोटारींसाठी. बर्गंडीत १९३७ मध्ये आणि अल्सासमध्ये १९५३ मध्ये पर्यटकांसाठी वाइनमार्ग आखले गेले. सायकलस्वारांची सोय बरीच नंतर झाली. १९९७ मध्ये बर्गंडीत जिव्री आणि क्लुनी यांच्यामधल्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची मोटारमुक्त वाट झाली. फ्रान्समधली अशी ही पहिली. बोर्दोजवळच्या आँत्र-द-मेर भागातल्या अशाच वाटेला तर १९३७ च्या टूर विजेत्याचेच नाव आहे.

शर्यत आणि वाइन यांच्या व्यापारी नात्यावर १९९१ च्या कायद्याची सावली आहे. या कायद्याने फ्रान्समध्ये मद्याच्या जाहिरातींवर कडक बंधने आली आणि क्रीडास्पर्धांचे प्रायोजकत्व मद्य कंपन्यांना बंद झाले. त्यामुळे चिलीमधल्या एका वाइन कंपनीशी टूरने केलेला करार फ्रान्सबाहेरपुरताच होता. तरीही २०१६ मध्ये दक्षिणेतल्या द्राक्ष बागायतदारांनी टूर अडवण्याचा इशारा दिला. आमच्या बागांमधून शर्यत जाणार आणि नाव परदेशी वाइनचे होणार, हा त्यांचा सवाल रास्तच होता. वाइनला फुकट प्रसिद्धी मिळते ती फक्त प्रक्षेपणात हेलिकॉप्टरमधून दिसणाऱ्या बागेची. २०२१ मध्ये लिबूर्न ते सँ-तेमिलियाँ (३०.८ किमी) आणि २०२४ मध्ये न्वी-सँ-जॉर्ज ते जव्हरे-शांबेर्ताँ (२५.३ किमी) या वैयक्तिक वेळेच्या शर्यती (प्रत्येकाने एकट्याने घड्याळाशी धावायच्या) ठेवताना ही दृश्ये आयोजकांच्या डोळ्यांसमोर नव्हती, असे कुणी म्हणणार नाही. पण दोन्ही शर्यती गुळगुळीत डांबरावर झाल्या.

पॅरिस-तूरचा प्रश्न वेगळा आहे, कारण इथे बाग केवळ देखाव्याला नाही. १८९६ मध्ये सुरू झालेली ही शर्यत सपाट आहे आणि तेच तिचे जुने दुखणे. वाटेत डोंगर नाही, शेवटी शहरातला लांबलचक सरळ रस्ता, त्यामुळे बहुतेक वेळा मुख्य घोळका एकत्र येतो आणि स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या काही मीटरांत मुसंडी मारणारा, जिंकतो. हे मोडण्याचे प्रयत्न आयोजकांनी पूर्वीही केले होते. १९६५ आणि १९६६ मध्ये त्यांनी डिरेल्यरवरच, म्हणजे चालत्या सायकलवर गियर बदलणाऱ्या यंत्रणेवरच, बंदी घातली. दोनच गियर, आणि बदलायचा तर उतरून साखळी हाताने हलवायची. फळ उलटेच मिळाले: १९६५ चा विजेता ताशी ४५ किलोमीटरहून जास्त सरासरीने आला. १९७४ पासून चौदा वर्षे मार्ग आणि शर्यतीचे नावही बदलून पाहिले. १९८८ मध्ये पुन्हा जुन्या वाटेवर. २०१५ मध्ये सरासरी वेग ताशी ४९.६४ किलोमीटरपर्यंत गेला, तेव्हा प्रेक्षकांना पाहायला उरले होते ते शेवटचे काही मिनिट.

पाणंदी आणण्याचे दुसरे कारण कमी सांगितले जाते. २००८ पासून ही शर्यत जागतिक मालिकेच्या सर्वोच्च श्रेणीत नाही. म्हणजे मोठ्या संघांवर तिथे येण्याची सक्ती नाही. हंगाम संपत आलेला, सगळे थकलेले; अशा वेळी शर्यतीकडे स्वतःचे काही वेगळेपण नसेल तर ती कॅलेंडरच्या कोपऱ्यात विझून जाते. माझ्या मते २०१८ चा निर्णय या भीतीतून झाला आणि भीती खरी होती.

पाणंद कशी असते हे पाहिल्याशिवाय आक्षेप कळत नाहीत. ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या दोन चाकोऱ्या आणि मधोमध गवताचा उंचवटा. एका चाकोरीत शिरले की एकामागोमाग एक जावे लागते. दुसरीकडे जायचे तर गवतावरून, आणि तिथे चाक घसरते. म्हणून खरी लढाई पाणंदीच्या तोंडाशी होते, आत पहिल्या दहांत शिरण्यासाठी. व्हूव्रेच्या काही जमिनींत चकमकीचे दगड आहेत, त्यांना धार असते. शिवाय इथल्या शनँ जातीच्या द्राक्षांची काढणी ऑक्टोबरातही चालू असते, म्हणजे शर्यत येते ती बागायतदाराच्या ऐन हंगामात. पाऊस पडला असेल तर ट्रॅक्टरने उकरलेला चिखल पाणंदीवर पसरलेला असतो.

पहिल्या वर्षी पंक्चर भरपूर झाले आणि एका मोठ्या संघाच्या प्रमुखाने उघड नाराजी व्यक्त केली. आक्षेप मुख्यतः दोन. एक, निकाल ताकदीपेक्षा नशिबावर ठरतो. दुसरा, स्प्रिंटरांच्या हक्काच्या मोजक्या मोठ्या शर्यतींपैकी एक हिरावून घेतली. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, पण पॅरिस-रुबे शर्यतीतल्या, बेल्जियमच्या सीमेजवळच्या फरसबंदी रस्त्यांबाबत तीच तक्रार शंभर वर्षे होत आहे आणि त्या शर्यतीला कुणी बंद करा म्हणत नाही. दुसऱ्याचे उत्तर निकालांनीच दिले. २०२१ आणि २०२२ मध्ये याच मार्गावर एकच फ्रेंच स्प्रिंटर सलग दोनदा जिंकला. मधल्या काळात टायरही रुंद झाले आणि ट्यूबलेस वापरणारे वाढले, तेव्हा पंक्चरची ओरड २०१८ इतकी राहिलेली नाही.

हाच वाद पुढे शँपेन या वाइनच्या मुलखात पोचला. २०२४ च्या टूरचा नववा टप्पा त्र्वा शहरातून निघून तिथेच संपला. १९९ किलोमीटरमध्ये पांढऱ्या मातीचे १४ पट्टे, मिळून ३२ किलोमीटर, त्यांतले बरेच कोत दे बार भागातल्या बागांलगत. टूरमध्ये कच्चे रस्ते नकोत, असे काही संघांनी आधीच सांगितले होते. या भागाला मिळालेले महत्त्व मला विशेष वाटते. त्र्वा आणि कोत दे बार ज्यात येतात त्या ओब जिल्ह्याला १९०८ च्या हुकुमाने शँपेनच्या हद्दीतून वगळले होते. १९११ च्या एप्रिलमध्ये हजारो बागायतदार त्र्वाच्या रस्त्यांवर उतरले. त्याच वर्षी त्यांना दुय्यम दर्जा देऊन गप्प बसवले गेले, पूर्ण हक्क मिळायला १९२७ उजाडले. टूरच्या प्रक्षेपणात शँपेन म्हणून आजही ओबबाहेरची एपर्ने आणि रँस ही शहरेच जास्त दिसतात.

या पांढऱ्या रस्त्यांवर पुरुषांच्या आधी महिला धावल्या, हे २०२४ च्या गदारोळात बहुतेकांनी लिहिलेच नाही. २०२२ मध्ये महिलांच्या टूरचा चौथा टप्पा त्र्वाहून बार-स्यूर-ओबला गेला, त्यात असे चार पट्टे होते. पंक्चर तेव्हाही झाले, आक्षेप तेव्हाही आले, आणि एका स्वित्झर्लंडच्या खेळाडूने घोळका मागे टाकून एकटीने तो टप्पा जिंकला.