चर्चमधील पुस्तक दुकान

ख्रिस्ती उपासनामंदिराच्या इमारतीत किंवा आवारात, त्या मंडळीच्या (तिथल्या उपासकसमूहाच्या) देखरेखीखाली चालणारे पुस्तकविक्रीचे केंद्र. त्याचे रूप ठिकाणागणिक बदलते. कुठे दाराशी पुस्तिकांची लाकडी मांडणी आणि शेजारी नाणी टाकायची फट, कुठे रविवारच्या उपासनेनंतर तासभर मांडले जाणारे टेबल, कुठे कॅथीड्रलमधले (बिशपच्या मुख्य चर्चमधले) पगारी नोकरांचे दुकान, तर अमेरिकेतल्या हजारोंच्या मंडळ्यांत कॉफीच्या काउंटरला लागून असलेले भले मोठे दालन. बायबल, गीतपुस्तके, प्रार्थनापुस्तके, संतचरित्रे, मुलांसाठी गोष्टी हा मुख्य माल. त्याच्या जोडीला बहुतेक ठिकाणी जपमाळा, मेणबत्त्या आणि कॅलेंडरेही असतात. उपासना बंद पडलेल्या चर्चच्या इमारतीत थाटलेले साधे पुस्तक दुकान हा निराळा प्रकार असून त्याची माहिती शेवटी दिली आहे.

या प्रथेवरचा आक्षेप प्रथेपेक्षा जुना आहे. यरुशलेमच्या मंदिरात येशूने सराफांचे चौरंग पालथे केले आणि कबुतरे विकणाऱ्यांना हाकलले, हा प्रसंग चारही शुभवर्तमानांत येतो. मत्तय, मार्क आणि लूक यांच्यात त्याचा रोख ‘लुटारूंची गुहा’ या शब्दांवर आहे, म्हणजे यात्रेकरूंच्या नाडवणुकीवर. योहानात मात्र पित्याचे घर व्यापाराचे घर करू नका, असे सरळ सांगितले आहे. पहिले वाचन धरले तर रास्त भावाने पुस्तक विकण्यात वावगे काही नाही. दुसरे धरले तर टेबल दाराबाहेरच हवे. दोन्ही मते आजही नांदतात. प्रत्यक्षात बहुतेक मंडळ्यांनी मधला मार्ग काढलेला दिसतो. वेदीसमोरच्या मुख्य दालनात विक्री नाही, उपासना चालू असताना विक्री नाही, आणि टेबल प्रवेशाच्या देवडीत किंवा शेजारच्या सभागृहात. रविवारी पैशांची देवघेवच नको म्हणणारे कडवे प्रॉटेस्टंट गटही आहेत.

सेंट पॉल्सचे आवार

चर्च आणि पुस्तकविक्री यांचे सर्वांत दाट नाते लंडनच्या जुन्या सेंट पॉल्स कॅथीड्रलभोवती जुळले. मध्ययुगाच्या अखेरीपासून कॅथीड्रलच्या आवारात, अगदी भिंतींना टेकवून, पुस्तकविक्रेत्यांच्या टपऱ्या आणि दुकाने उभी राहत गेली. दुकानांना क्रमांक नसत, चिन्हांच्या पाट्या असत. शेक्सपियरची ‘व्हीनस अँड अडोनिस’ ही कविता १५९३ मध्ये याच आवारात ‘पांढरा ग्रेहाऊंड’ या पाटीखाली विकली जात होती. खुद्द कॅथीड्रलचे मधले दालन तेव्हा शहराचा चव्हाटा झाले होते. बातम्या तिथे कळत, वकील तिथे अशिलांना भेटत, नोकर तिथे मालक शोधत. कोणते पुस्तक नवे आले हे कळायला याहून सोयीची जागा नव्हती.

या गर्दीतच छापील बायबल चर्चच्या आत आले. आठव्या हेन्रीच्या राजवटीत, १५३८ मध्ये, प्रत्येक धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) चर्चमध्ये इंग्रजी बायबलची मोठी प्रत लोकांना वाचता येईल अशी ठेवण्याचा हुकूम निघाला. बिशप बॉनर यांनी सेंट पॉल्समध्ये अशा सहा प्रती ठेवल्या. लोक भोवती जमून मोठ्याने वाचू लागले आणि धर्मगुरूंच्या कामात व्यत्यय येऊ लागला. आत वाचायला फुकट प्रत आणि दाराबाहेर विकत घ्यायला दुसरी, ही सोय तेव्हा कोणी योजून केलेली नव्हती, पण धंद्याला ती फार उपयोगी पडली असणार.

१६६६ च्या आगीने या बाजाराचे कंबरडे मोडले. आग जवळ येताच आसपासच्या विक्रेत्यांनी आपला माल कॅथीड्रलच्या पोटात असलेल्या सेंट फेथ्स या तळघरातल्या चर्चमध्ये नेऊन रचला. दगडी कमानींखाली तो सुरक्षित राहील, असा हिशेब होता. वरचे छत कोसळले, आग खाली शिरली आणि पुस्तके कित्येक दिवस जळत राहिली. नुकसानीचा समकालीन अंदाज दीड लाख पौंडांचा होता, आणि त्यानंतर लंडनमध्ये लॅटिन व परदेशी पुस्तकांची टंचाई जाणवली. नवे कॅथीड्रल झाल्यावर विक्रेते पुन्हा त्याच परिसरात, विशेषतः पॅटर्नॉस्टर रो या गल्लीत, आले आणि डिसेंबर १९४० च्या जर्मन बॉम्बहल्ल्यापर्यंत तिथे टिकले.

फ्रान्समध्ये रुआँ कॅथीड्रलच्या उत्तर बाजूच्या दाराला आजही ‘पुस्तकविक्रेत्यांचे दार’ म्हणतात. त्या दारापुढच्या चिंचोळ्या चौकात एके काळी पुस्तकांची दुकाने होती.

काय ठेवायचे, कोण ठरवणार

बाजारातल्या दुकानात गिऱ्हाइकाची आवड बरेच काही ठरवते. चर्चमधल्या दुकानाची गोष्ट वेगळी, कारण तिथल्या मांडणीवरचे प्रत्येक पुस्तक मंडळीच्या संमतीने ठेवले आहे असे वाचक धरून चालतो. रोमन कॅथलिक चर्चने हे कायद्यातच लिहून ठेवले आहे. १९८३ च्या कॅनन कायद्याच्या कलम ८२७ नुसार, धर्म किंवा नीती या विषयांवरची पुस्तके चर्चमध्ये मांडायची, विकायची किंवा वाटायची असतील तर ती धर्मसत्तेच्या परवानगीने छापलेली किंवा तिने नंतर मान्य केलेली असली पाहिजेत. कलम १२१० म्हणते, की पवित्र जागेत फक्त उपासना, भक्ती आणि धर्म यांना पोषक गोष्टींनाच वाव आहे. धर्मग्रामाच्या टेबलावर बसणाऱ्या स्वयंसेवकाला हे आकडे माहीत नसतात. ‘फादरना विचारून ठेवा’ एवढी सूचना त्याला पुरते.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असा सर्वांना लागू असलेला नियम नाही, त्यामुळे भार पाळकावर आणि पंचांवर येतो. उपदेशात एखाद्या पुस्तकाचे नाव घेतले की उपासना सुटल्यावर त्याच्या प्रती टेबलावर हव्यात, ही चांगल्या दुकानाची पहिली खूण. लंडनच्या मेट्रोपॉलिटन टॅबर्नॅकल या चर्चमध्ये पाळक चार्ल्स स्पर्जन यांनी १८६६ मध्ये पुस्तके पाठीवर घेऊन गावोगाव विकणाऱ्यांची संस्था उभारली होती. त्याच चर्चचे पुस्तक दुकान आजही चालू आहे. थोडकी, निवडून घेतलेली आणि पाळकाने स्वतः वाचलेली पुस्तके ठेवणारे टेबल मोठ्या दुकानापेक्षा अधिक कामाचे ठरते, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे. ज्या टेबलावर सगळेच मिळते, तिथे मंडळीचे म्हणणे काय ते कळत नाही.

याची काळी बाजूही आहे. पाळक स्वतःच लेखक असला की त्याचेच पुस्तक पुढे मांडले जाते आणि मानधन कोणाच्या खिशात, हा प्रश्न उरतो. सिएटलच्या मार्स हिल चर्चने आपल्या पाळकाचे पुस्तक खपाच्या यादीत वर चढावे म्हणून एका कंपनीला पैसे दिले होते, हे २०१४ मध्ये उघड झाले. त्यामुळे अनेक ठिकाणी लेखक-पाळकाला खरेदीच्या निर्णयातून बाहेर ठेवतात, किंवा चर्चमध्ये विकलेल्या प्रतींवर तो मानधन घेत नाही.

रोजचा कारभार

अशा दुकानाची खरी वेळ आठवड्यातून फार थोडी असते. उपासना सुटल्यापासून आवार रिकामे होईपर्यंतच्या थोड्या मिनिटांत जवळजवळ सगळी विक्री होते. म्हणून माल चाकांच्या कपाटात ठेवतात, सुट्टे पैसे आधी मोजून आणतात, आणि एकाने पैसे घ्यायचे व दुसऱ्याने पुस्तके दाखवायची अशी विभागणी करतात. काम बहुधा स्वयंसेवकांचे. त्यांची पाळी लावणे, सुटीत बदली माणूस शोधणे आणि महिन्याचा हिशेब खजिनदाराच्या हिशेबाशी जुळवणे, यातच व्यवस्थापकाची बरीच शक्ती जाते. दानपेटीतले पैसे आणि विक्रीचे पैसे एकत्र होऊ न देणे हा पहिला नियम. तो मोडला की वर्षअखेरीला कोणाचा कोणाला मेळ लागत नाही.

मागणी चर्चच्या वर्षाबरोबर हलते. नाताळाआधीच्या आगमनकाळात कॅलेंडरे आणि रोजच्या मननाची नव्या वर्षाची पुस्तके, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात क्रूसाच्या वाटेच्या पुस्तिका, प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या (मुले पहिल्यांदा पवित्र भाकर घेतात त्या विधीच्या) हंगामात लहान प्रार्थनापुस्तके व जपमाळा, आणि सुटीतल्या बायबल शाळेच्या वेळी मुलांची पुस्तके. जानेवारीत उरलेले कॅलेंडर रद्दीच्याच भावाचे. त्यामुळे न खपलेला माल परत घेण्याच्या अटीवर प्रकाशकाकडून किंवा जवळच्या ख्रिस्ती पुस्तकभांडारातून पुस्तके आणणे लहान मंडळीला परवडते. छापील किमतीवर दुकानदाराला मिळणारी सूट हाच नफा. पण बऱ्याच मंडळ्या ती सूट पुढे वाचकालाच देऊन टाकतात आणि दुकान ना नफा ना तोटा चालवतात.

दुकानदारच नसलेली पद्धतही मुरलेली आहे. इंग्लंडमधील कॅथलिक ट्रुथ सोसायटीने (स्थापना १८६८, पुनःस्थापना १८८४) स्वस्त पुस्तिका छापून त्या चर्चच्या मागच्या बाजूला मांडणीत ठेवल्या. ज्याने त्याने पुस्तिका उचलावी आणि फटीत पैसे टाकावेत. इंग्लंडच्या खेड्यांतल्या अँग्लिकन चर्चमध्ये जुन्या पुस्तकांचे फळकुट याच भरवशावर चालते. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये दाराजवळच्या मेणबत्त्यांच्या काउंटरवरच प्रतिमा आणि प्रार्थनापुस्तके मिळतात.

अमेरिका आणि कर

अमेरिकेत १९५० मध्ये ख्रिस्ती पुस्तकविक्रेत्यांची देशव्यापी संघटना स्थापन झाली आणि पुढच्या अर्धशतकात बाजारपेठांतून ख्रिस्ती दुकानांच्या साखळ्या पसरल्या. त्यांना चर्चमधली दुकाने फारशी रुचत नसत, कारण या दुकानांना ना भाडे, ना पगार. इंटरनेटवरील विक्रीने नंतर दोघांनाही गाठले. फॅमिली ख्रिश्चन स्टोअर्सने २०१७ मध्ये सुमारे २४० आणि सदर्न बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या लाइफवेने २०१९ मध्ये आपली सर्व १७० दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. अनेक गावांत पुस्तक हातात घेऊन पाहता येईल अशी जागा त्यानंतर चर्चमध्येच उरली.

करमाफ संस्था जेव्हा आपल्या मूळ हेतूशी संबंध नसलेला व्यवसाय नियमितपणे करते, तेव्हा त्या उत्पन्नावर अमेरिकेत कर लागतो. बायबल विकणे हेतूशी जुळते. वाढदिवसाचे मग आणि टोप्या विकण्याबद्दल वाद होऊ शकतो. पण कायद्यात मोठी पळवाट आहे आणि ती चर्चला फार मानवते. जवळजवळ सगळे काम बिनपगारी लोक करत असतील, किंवा विकलेला माल दानात आलेला असेल, तर तो व्यवसाय या करातून सुटतो. पगारी व्यवस्थापक नेमल्याबरोबर हिशेब बदलू शकतो.

महाराष्ट्र आणि गोवा

मराठी ख्रिस्ती समाजात छापील पुस्तक चर्चच्या आधी घराघरांत पोचले, ते फिरत्या विक्रेत्यांमुळे. बॉम्बे ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी १८२७ मध्ये स्थापन झाली. मिशनरी विल्यम केरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला होता. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगरहून सुरू झाले. गोव्यात त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ मध्ये, रायतूरला फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. पण ते लोकांनी विकत घेऊन वाचण्यापेक्षा चर्चमध्ये जमून ऐकले.

प्रॉटेस्टंट देवळात येणारा माणूस स्वतःचे पवित्र शास्त्र आणि ‘उपासना संगीत’ बगलेत घेऊन येतो, त्यामुळे तिथल्या टेबलावर या दोन पुस्तकांची मागणी कायमची. ना. वा. टिळकांची गीते वाचकाला कवितासंग्रहापेक्षा याच गीतपुस्तकातून अधिक भेटतात. कॅथलिकांकडे प्रार्थनापुस्तके, नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) पुस्तिका आणि संतांची चरित्रे अधिक चालतात. जेम्स अल्बेरिओने यांनी इटलीत १९१४ आणि १९१५ मध्ये स्थापलेल्या सेंट पॉल सोसायटी आणि डॉटर्स ऑफ सेंट पॉल या दोन संघांनी छपाई व पुस्तकविक्री हेच आपले धर्मकार्य मानले. मुंबईत वांद्र्याला त्यांचे काम मोठे आहे. वसईच्या बाजूला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने (साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार, २०१३) चर्चबाहेरचा मराठी वाचकही मिळवला.

हिशेबाच्या बाजूने पाहता, महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील व्याख्येत देऊळ, मठ, अग्यारी यांच्याबरोबर चर्चही येते. १९६१ च्या आयकर कायद्याने धर्मादाय न्यासाच्या व्यवसायाला सूट देताना दोन अटी घातल्या: व्यवसाय न्यासाच्या हेतूला पूरक हवा आणि त्याच्या वह्या वेगळ्या हव्यात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही.

इमारत चर्चची, दुकान कोणाचेही

पश्चिम युरोपात उपासकांची संख्या घटत गेल्यावर रिकाम्या चर्चचे काय करायचे हा प्रश्न आला. कॅनन कायद्याचे कलम १२२२ बिशपला अशी इमारत ऐहिक वापरासाठी मोकळी करू देते. वापर हीन नसावा एवढीच अट. पुस्तक दुकान या अटीत सहज बसते.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण नेदरलँड्समधील मास्ट्रिच्टचे. तिथले डॉमिनिकन संघाचे गॉथिक चर्च १२९४ चे. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्याने शहर घेतल्यावर तिथली उपासना थांबली, आणि पुढची दोन शतके त्या दालनाने गोदामापासून सायकली ठेवण्याच्या जागेपर्यंत नाना भूमिका वठवल्या. २००६ च्या अखेरीस तिथे पुस्तक दुकान उघडले. मर्क्स आणि जिरोद या वास्तुरचनाकारांपुढची अडचण अशी, की दुकानाला हवी तेवढी जागा जमिनीवर नव्हती आणि भिंतींना हात लावायचा नव्हता. त्यांनी दालनाच्या एका बाजूला काळ्या पोलादाचे, आत जिने असलेले बहुमजली कपाट उभे केले. त्यामुळे दुसरी बाजू छतापर्यंत मोकळी राहिली आणि वर चढणाऱ्या ग्राहकाला जुनी भित्तिचित्रे जवळून दिसू लागली. यंत्रसामग्री आणि साठा नव्या तळघरात गेला, वेदीच्या जागी कॉफीघर आले. तिथले लांब टेबल क्रूसाच्या आकाराचे आहे, आणि ते चातुर्य काहींना खटकते. दुकान चालवणारी साखळी २०१४ मध्ये दिवाळखोरीत निघाल्यावर लोकवर्गणीतून दुकान स्वतंत्र झाले. कलम ८२७ तिथे लागू नाही. पाककृतींपासून रहस्यकथांपर्यंत सगळे मिळते.

२०१३ मध्ये नेदरलँड्समधील झ्वोले येथील ब्रूरेनकर्क आणि पोर्तुगालमधील ओबिदुश गावचे सांतियागो चर्च, अशी आणखी दोन चर्च पुस्तकविक्रीसाठी उघडली. ओबिदुशमध्ये याच सुमारास एकामागून एक पुस्तक दुकाने निघाली, आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्या गावाला साहित्यनगरीचा दर्जा दिला.