लहानपणीचा आवडता गेम आणि आजचा आवडीचा गेम

कोकणातल्या पस्तिशी-चाळिशीतल्या कुणालाही विचारा, ‘तुझा सगळ्यात आवडता व्हिडिओ गेम कोणता?’ उत्तर बहुधा मारिओ, कॉन्ट्रा नाहीतर टँक असं येईल. मग विचारा, ‘गेल्या महिन्यात काय खेळलास?’ आता उत्तर बदलतं. फोनवरचा कॅरम, रात्री मित्रांबरोबर बीजीएमआय हा ऑनलाइन लढाईचा गेम, कुणाचा लॅपटॉपवरचा फुटबॉल. दोन्ही उत्तरं खरी, पण ती दोन वेगळ्या गोष्टींबद्दलची आहेत. गोंधळ होतो तो पुढे. एखादी मोकळी संध्याकाळ मिळाली की आपण पहिल्या उत्तराच्या मागे जातो. जुना कॉन्ट्रा शोधून काढतो, दोन स्टेज खेळतो, कंटाळतो आणि म्हणतो, ‘आपलं गेम खेळायचं वय गेलं.’ हे मला अजिबात पटत नाही. जुनी ओढ आणि आजची आवड यांची सरमिसळ झाली की असं वाटतं, आणि मग चांगले गेम हातचे जातात.

आधी ओढीकडे बघू. निन्टेंडोचा फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, जपानमध्ये १९८३ साली आला. आपल्याकडे पोचली ती त्याची नक्कल केलेली स्वस्त यंत्रं, आणि तीही बरीच उशिरा. मीडिया, सामुराई ही नावं अजून अनेकांच्या तोंडी आहेत. गावात हे यंत्र यायचं ते बहुधा चाकरमान्यांबरोबर, मे महिन्यात किंवा गणपतीला. वाडीत टीव्ही मोजके, त्यातला एखादाच गेमसाठी मोकळा. सोबत एक-दोन कॅसेट. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ छापलेलं असलं तरी आत मोजकेच गेम निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा यायचे. म्हणजे मारिओ आपण निवडला नव्हता. तो घरात होता म्हणून खेळलो, आणि सुट्टीभर तोच खेळलो म्हणून लाडका झाला. एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडायला लागते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच प्रयोगांतून दाखवलं होतं.

त्यात भर विजेची. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स अवघ्या ४० किलोबाइटचा. आठ जगं, प्रत्येकात चार, अशा ३२ पातळ्या त्यात बसवल्या होत्या. खेळ जिथे थांबला तिथून पुढे सुरू करायची सोय मात्र नव्हती. लाईट गेली की पुन्हा पहिल्या जगाच्या पहिल्या पातळीपासून. ऐन पावसात लाईट किती वेळा जाते हे कोकणात कुणाला सांगायला नको. त्यामुळे पहिली दोन जगं पाठ झाली: कुठल्या विटेत मशरूम, कुठल्या नळीखाली नाणी, दुसऱ्या पातळीच्या छतावरून चालत गेलं की पुढच्या जगांत नेणाऱ्या नळ्या कुठे. मालवणकडचा माझा एक मावसभाऊ आजही पहिली पातळी बघितली की म्हणतो, ‘ह्यां सगळां माका अजून पाठ आसा.’ आठव्या जगाबद्दल तो असं म्हणत नाही, कारण तिथपर्यंत फारसं कुणी पोचतच नव्हतं. ज्या गेमवर आपण इतकं प्रेम करतो त्याचा अर्धाअधिक भाग आपण पाहिलेलाच नसतो, आणि तरी ते प्रेम खरं असतं.

(जाता जाता: कॅसेट चालली नाही की आपण तिच्यात फुंकर मारायचो. फुंकरेने काही होत नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा बसवली की पट्ट्या नीट टेकायच्या, काम व्हायचं ते त्याने. उलट तोंडाच्या वाफेने पट्ट्या गंजायला मदतच, आणि आपल्या खाऱ्या हवेत तर जास्तच.)

ओढीत सगळ्यात मोठा वाटा सोबतीचा. कॉन्ट्रा हा गोळ्या झाडत पुढे जायचा, दोघांचा गेम. तिसऱ्या स्टेजला, त्या धबधब्याशी, एकजण भराभर वर चढला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि मागे राहिलेला नाहक मरतो. टँक, म्हणजे नामकोचा १९८५ चा बॅटल सिटी, त्यात तर आपल्याच जोडीदाराला गोळी लागली की तो थोडा वेळ जागच्या जागी अडकतो, आणि नेम चुकला तर ज्याला राखायचं तो आपला गरुडच आपल्या हाताने फुटून खेळ संपतो. या गेमची गंमत शेजारी बसलेल्याशी होणाऱ्या भांडणात होती, मागे पाळीची वाट बघत बसलेल्या चारजणांच्या सल्ल्यात होती. आज तोच बॅटल सिटी फोनवर एकट्याने खेळला तर त्यातलं जे आवडत होतं तेच गायब असतं. गेम बिचारा जसाच्या तसा आहे.

काही गेम तर तांत्रिकदृष्ट्याच परत येत नाहीत. डक हंट या बदकं टिपायच्या गेमची बंदूक टीव्हीवर काहीच सोडत नव्हती, तीच टीव्हीचा प्रकाश बघत होती. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि बंदुकीतला सेन्सर तो दिसतो का ते तपासायचा. हे गणित जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र उमटायला जो किंचित उशीर होतो, तेवढ्याने ते चुकतं. माळ्यावरची बंदूक चालत नसेल तर ती बिघडलीच असेल असं नाही.

आता आवडीकडे. मोठेपणी आपण काय खेळतो हे तीन गोष्टी ठरवतात: वेळ किती, कुणासोबत, आणि निवडायला काय आहे. लहानपणी वेळ भरपूर होता आणि गेम दोन. आता गेम हजारो आणि रात्री जेवणं आटोपल्यावरचा तासभर. हा फरक एकाच नावाच्या गेममध्ये बघायचा तर प्रिन्स ऑफ पर्शिया घ्या. तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर क्लासला गेलेल्या अनेकांनी तो सर बाहेर गेले की खेळलेला आहे. जॉर्डन मेकनरच्या १९८९ च्या मूळ गेममध्ये राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं मिळतात, तीही खऱ्या घड्याळाची. चुकलात की ती पातळी पुन्हा, पण गेलेली मिनिटं परत नाहीत. २००३ मध्ये ‘द सँड्स ऑफ टाइम’ आला आणि चुकलेली उडी वेळ मागे फिरवून सुधारता येऊ लागली. २०२४ च्या ‘द लॉस्ट क्राउन’मध्ये तर अडलेल्या जागेचं चित्र नकाशावर डकवून ठेवता येतं. आठवडाभर गेम उघडायला जमलं नाही तरी परत आल्यावर कळतं, हे दार उघडायचं राहिलंय. मला ही सोय फार मोलाची वाटते. नोकरी-संसारातल्या माणसाला काय लागतं हे ती करणाऱ्यांना नीट समजलं आहे. नाव तेच, उड्या आणि सापळे तेच, पण १९८९ चा गेम आवडणारा आणि २०२४ चा आवडणारा माणूस एकच असेल असं गृहीत धरता येत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो: ‘आमच्या वेळचे गेम कठीण होते, आताचे सोपे, म्हणून मजा नाही.’ कॉन्ट्रा कठीण होताच. एक गोळी लागली की एक लाईफ गेली, आणि लाईफ तीनच. पण ज्यांनी तो संपवला त्यातल्या बहुतेकांनी वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए ही बटणं दाबून तीस लाईफ घेतल्या होत्या. हा कोड काझुहिसा हाशिमोतो यांनी मुळात १९८६ च्या ग्रॅडियस या अवकाशयानाच्या गेमसाठी केला. तपासणी करताना तो गेम त्यांना स्वतःलाच झेपत नव्हता. २०१८ चा सेलेस्ट खेळताना वेग कमी करायची किंवा न मरण्याची सवलत घेता येते. ती घ्यायला आज जे लाजतात, त्यांनी ते तीस लाईफ आठवावेत. दोन्ही सोयी एकाच जातीच्या आहेत.

मग आपल्याला नेमकी ओढ आहे की आवड, हे ओळखायचं कसं? माझ्याकडे एक कसोटी आहे आणि ती मला खात्रीची वाटते. आपल्या लाडक्या गेमच्याच काळातला, त्याच जातीचा, पण आपण कधीच न खेळलेला गेम घ्या. मारिओ लाडका असेल तर १९९३ चा ‘कर्बीज ॲडव्हेंचर’. कॉन्ट्रा लाडका असेल तर १९८८ चा ‘मेगा मॅन २’. तासभर खेळा. त्यात जीव रमला तर उड्या मारण्याची, नेम धरण्याची ती जात तुम्हाला आजही आवडते, आणि पुढे नव्या-जुन्यांचा मोठा खजिना तुमची वाट बघतोय. कॉन्ट्रावाल्याने २०१७ चा कपहेड जरूर बघावा, प्रिन्सवाल्याने पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला २०२० चा ‘राजी’. आणि तासाभरात कंटाळलात, पण मारिओचं नुसतं संगीत कानावर पडलं तरी गलबलून येत असेल, तर ती ओढ आहे. ती जपावी, अधूनमधून दहा मिनिटं मारिओ खेळावा, आणि रोजच्या खेळासाठी दुसरीकडे बघावं.

सोबतीची उणीव भासत असेल तर २०२१ चा ‘इट टेक्स टू’ बघा. तो एकट्याने खेळताच येत नाही, आणि दोघांपैकी एकाने विकत घेतला तरी दुसऱ्याला फुकट जोडीला घेता येतं. भाऊ ठाण्याला आणि तुम्ही कणकवलीला असलात तरी चालतं, नेट मात्र बरं हवं.

काही आवडींना तर लहानपणात मूळच नसतं. स्टार्ड्यू व्हॅली हा शेतीचा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून २०१६ मध्ये आणला. लहानपणी बागेतलं गवत काढायला सांगितलं की पळून जाणारी, आता मुंबईत फ्लॅटमध्ये राहणारी आपली माणसं तो मन लावून खेळताना मी बघितली आहेत. त्यातला एक दिवस साधारण १४ मिनिटांत उरकतो आणि झोपलं की खेळ आपोआप जतन होतो. मासेमारी आहे, चार ऋतू आहेत, १.५ या अपडेटपासून आंब्याचं झाडही आहे, आणि ते लावल्यापासून २८ दिवसांनी मोठं होतं. देवगडच्या बागायतदाराला हे आकडे सांगू नयेत. पण कलम रुजताना बघण्याचं समाधान खरंच मिळतं. वीस वर्षांपूर्वी या माणसांना ‘तुला कुठला गेम आवडेल?’ असं विचारलं असतं तर असलं काही सुचलंही नसतं.

ओढ आणि आवड दोन्ही एकाच जागी सापडतात असे गेम थोडे. टेट्रिस त्यातला एक. अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो मॉस्कोत १९८० च्या दशकाच्या मध्यात केला. आपल्याकडे तो हातात धरायच्या ब्रिक गेममधून घरोघरी गेला. टेट्रिसला आठवणींचा आधार लागत नाही. निन्टेंडोवरचा १९८९ चा टेट्रिस जिथे खेळाडूपुढे यंत्रच हात टेकतं तिथपर्यंत पहिल्यांदा नेला तो २०२३ च्या डिसेंबरमध्ये, अमेरिकेतल्या एका १३ वर्षांच्या मुलाने. तो गेम त्याच्या जन्माच्या वीस वर्षं आधीचा.

म्हणून मुलांना जुना गेम दाखवायचा असेल तर टेट्रिसपासून सुरुवात करावी. त्यानंतर बॅटल सिटी. कॉन्ट्रा द्यायचाच असेल तर दुसरा कंट्रोलर आपण घेऊन शेजारी बसावं, आणि धबधब्याच्या स्टेजला आपण मागे राहावं.