कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळीची पूर्वपीठिका

वायल्डर मेमोरियल चर्च, मेरी वॉन्लेस हॉस्पिटल आणि आयर्विन ख्रिश्चन हायस्कूल ही नावे कोल्हापूरकरांच्या नित्य परिचयाची आहेत. मात्र त्यांच्यामागचा धर्म एकसाची आहे असे आपण गृहीत धरतो आणि तिथेच गफलत होते.

येशूचे कार्य पहिल्या शतकात, रोमन अमलाखालच्या यहुदी मुलखात घडले. ‘ख्रिस्त’ हे त्याचे नाव नसून ‘अभिषिक्त’ या अर्थाची ग्रीक पदवी आहे. अंबाबाईच्या गावात अभिषेक कुणाला समजावून सांगायला नको. तिकडे मात्र तेल ओतून अभिषेक होई तो राजाला किंवा याजकाला. पिलात या रोमन सुभेदाराच्या काळात येशूला वधस्तंभावर खिळले गेले, आणि तो मेलेल्यांतून उठला या श्रद्धेवर शिष्यांची मंडळी उभी राहिली. ३१३ साली रोमन साम्राज्यात या धर्माला मोकळीक मिळाली. पुढे १०५४ मध्ये रोमची पाश्चात्त्य आणि कॉन्स्टँटिनोपलची पौर्वात्य मंडळी यांची फारकत झाली, तर १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मगुरूने रोमलाच प्रश्न विचारले आणि रोमच्या पोपला मानणाऱ्या कॅथलिक शाखेपासून प्रोटेस्टंट शाखा वेगळी झाली.

कोल्हापूरचा धागा या शेवटच्या फुटीशी जुळतो. जिनिव्हात कॅल्व्हिन आणि स्कॉटलंडमध्ये जॉन नॉक्स या धर्मसुधारकांनी घडवलेली प्रेस्बिटेरियन परंपरा अमेरिकेत गेली. तिच्यात पोप नाही, अनेक मंडळ्यांवर देखरेख करणारा बिशपही नाही. मंडळीने निवडलेले ‘वडील’ पाळकाच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूच्या, जोडीने कारभार पाहतात आणि ‘प्रेस्बिटर’ या ग्रीक शब्दाचा अर्थही वडीलधारा असाच आहे. उपासनेत मूर्ती नसते, भर असतो तो शास्त्रवाचनावर व प्रवचनावर. बायबल प्रत्येकाला वाचता यावे या आग्रहामुळे, मला वाटते, मिशनच्या कामात शाळेला एवढे महत्त्व आले.

मराठीला ख्रिस्तकथा हे मिशन येण्याआधीच ठाऊक होती, पण ती कॅथलिक शाखेची : गोव्यातील जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचे) फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालचे आहे. कोल्हापुरात रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी अहमदनगरहून १८५२ मध्ये आले आणि १८७० मध्ये त्यांचे मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. पुढे याच मिशनचे डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी शेजारच्या मिरजेत रुग्णालय उभारले.

१९७० मध्ये उत्तर भारतातील अनेक प्रोटेस्टंट पंथांनी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केले. त्यात प्रेस्बिटेरियन वारशाच्या मंडळ्याही सामील झाल्या आणि बिशप नाकारणाऱ्या परंपरेतून आलेल्या कोल्हापुरात पुढे बिशपचा धर्मप्रांतही झाला.