जाहिरातदाराच्या ओसरीवरची पत्रकारिता

२ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेतलं व्हिडिओ गेमचं मासिक 'गेम इन्फॉर्मर' बंद झालं. ३३ वर्षं चाललेलं मासिक बंद पडलं की हळहळ वाटतेच, पण इथे राग यावा असं घडलं. मालकाने त्याच दिवशी मासिकाचं संकेतस्थळही उतरवलं. वर्षानुवर्षांची परीक्षणं आणि मुलाखती गेल्या, त्या जागी निरोपाचा एक मजकूर उरला.

हा मालक म्हणजे गेमस्टॉप, गेम विकणाऱ्या दुकानांची साखळी. १९९१ मध्ये फंकोलँड या दुसऱ्या साखळीने घरचं पत्रक म्हणून हे मासिक काढलं आणि पुढे दुकानांसोबत तेही गेमस्टॉपकडे आलं. गल्ल्यावर सवलतीचं कार्ड घेतलं की वर्गणी त्यातच असायची, म्हणून भरभराटीच्या काळात खप ७० लाखांच्या पुढे गेला. दुकानं अडचणीत आली तेव्हा मासिकही त्यांच्यासोबत बुडालं.

गेम विकणाऱ्यांच्याच पैशावर जगायचं, ही व्हिडिओ गेमच्या पत्रकारितेची दुखरी जागा पहिल्यापासूनची आहे. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' आणि अमेरिकेत 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' निघालं. पडद्यावरचं चित्र थेट छपाईपर्यंत नेण्याची सोय तेव्हा नव्हती. खोलीत अंधार करायचा, टीव्हीसमोर तिवईवर कॅमेरा लावायचा आणि गेम थांबवून पडद्याचाच फोटो काढायचा. फार झटपट फोटो घेतला तर पडद्यावर काळा पट्टा येई. ब्रिटिश मासिकांत पानंच्या पानं 'बेसिक' या कॉम्प्युटरच्या भाषेतले गेमचे प्रोग्रॅम छापलेले असत. वाचक ते घरच्या कॉम्प्युटरवर ओळ न् ओळ टाइप करत, आणि एखादा स्वल्पविराम चुकला की सगळी संध्याकाळ वाया. एवढी मेहनत घेणारा वाचक असूनही मासिकांचा खर्च मात्र बराचसा गेम कंपन्यांच्या जाहिरातींवर निघे. १९८३ मध्ये अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला, जाहिराती आटल्या आणि १९८५ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक गेम्स'ही मिटलं.

१९८८ मध्ये निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने मधला माणूसच काढून टाकला आणि स्वतःचं 'निन्टेन्डो पॉवर' हे मासिक काढलं. नकाशे सुरेख, युक्त्या नेमक्या, मुलं त्यावर जीव टाकत. पण गेम बनवणारा, विकणारा आणि वाखाणणारा एकच. जपानच्या 'फामित्सू'ने १९८६ पासून वेगळी वाट धरली होती. तिथे एकाच गेमला चार परीक्षक प्रत्येकी १० पैकी गुण देतात. ४० पैकी ४० मिळवणारा पहिला गेम १९९८ मध्ये आला, झेल्डा मालिकेतला 'ओकारिना ऑफ टाइम'. एकाच्या डोक्यावर सगळा भार न टाकण्याची ही रीत मला आजही शहाणपणाची वाटते.

टीव्हीवर सर्वांत जास्त रंगला तो ब्रिटनच्या चॅनल ४ चा 'गेममास्टर'. जानेवारी १९९२ मध्ये तो सुरू झाला. सूत्रधार डॉमिनिक डायमंड, आणि पडद्यावर तरंगणारं ज्ञानी मस्तक म्हणजे खगोलशास्त्राचे विख्यात प्रसारक पॅट्रिक मूर. पहिलं पर्व लंडनमधल्या एका जुन्या चर्चमध्ये चित्रित झालं. मुलं समोरासमोर खेळत आणि जिंकणाऱ्याला सोनेरी जॉयस्टिक मिळे. परीक्षणं होती, पण थोडक्यात. टीव्हीला पडद्यावर काहीतरी हलतं लागतं. तिसऱ्या पर्वाला मॅकडोनाल्ड्सचं प्रायोजकत्व आलं, ते न पटून डायमंड बाहेर पडला आणि एका पर्वानंतर परतला. करमणुकीच्या कार्यक्रमाच्या सूत्रधाराने एवढं ताठ राहावं, याचं मला फार अप्रूप आहे. अमेरिकेत २००२ मध्ये तर जी४ ही अख्खी वाहिनीच गेमसाठी निघाली. ती २०१४ अखेर बंद झाली. २०२१ मध्ये तिला पुन्हा उभं केलं, पण वर्षभरातच गाशा गुंडाळावा लागला.

मासिकांच्या हाती एक हुकमाचं पान होतं, ते म्हणजे सोबत येणारी डेमोची, म्हणजे गेमच्या फुकट नमुन्यांची, सीडी. आपल्याकडे 'डिजिट' हे कॉम्प्युटरचं मासिक घेणाऱ्यांना हे सांगायला नको. फोन लावून इंटरनेट चालवायच्या दिवसांत मोठा डेमो डाउनलोड करणं घरच्यांना परवडणारं नव्हतं. अंक हाती आला की आधी प्लास्टिकचं पाकीट फुटायचं, लेख नंतर. त्याच प्रकाशनाचं 'स्कोअर' तर निव्वळ गेमसाठीच होतं.

इंटरनेट वेगवान झालं आणि हे पान हातातून गेलं. दुसरा घाव मला अधिक खोल वाटतो. २०११ मध्ये 'निन्टेन्डो डायरेक्ट' हा इंटरनेटवरचा व्हिडिओ कार्यक्रम सुरू झाला आणि कंपनी नव्या गेमची बातमी थेट खेळणाऱ्यांनाच देऊ लागली. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'निन्टेन्डो पॉवर'चा शेवटचा अंक निघाला. आधी बघायला मिळणं हा मासिकांचा हक्क नव्हता, ती कंपनीची मेहेरबानी होती, हे तेव्हा उघड झालं. ज्यांनी फक्त 'पहिली झलक' विकली त्यांच्याकडे उरलं काही नाही. १९९३ पासूनचं ब्रिटिश 'एज' मात्र गेम कसा घडतो यावर पानं खर्च करत आलं, म्हणून वाचकाला झलकेपलीकडचंही काही देऊ शकलं.

मार्च २०२५ मध्ये 'गेम इन्फॉर्मर' परत आलं. संपादक मंडळ तेच, जुनं लिखाणही पुन्हा वाचता येऊ लागलं. संपादनात ढवळाढवळ करणार नाही, असं नव्या मालकाने जाहीर केलं आहे. हा नवा मालक म्हणजे गनझिला गेम्स, आणि ही कंपनी स्वतः गेम बनवते.