हार्पून अभिक्रिया

सोडियम, पोटॅशियम अशा धातूंचा अणू वायुस्थितीत हॅलोजनच्या (क्लोरीन, फ्लोरीन, ब्रोमीन अशा मूलद्रव्यांच्या) वाटेवर आला, की टक्कर होण्याआधी दुरूनच आपला इलेक्ट्रॉन त्याच्याकडे फेकतो. मग दोन विरुद्ध भार एकमेकांना खेचतात. हार्पून म्हणजे देवमासा मारायचा दोरी बांधलेला भाला. इथे इलेक्ट्रॉन हा भाला आणि आकर्षण ही त्याची दोरी, म्हणून हे नाव. कोकणात देवमाशाच्या भाल्यापेक्षा गरी ओळखीची. फक्त इथे मासा आणि गरवणारा दोघेही ओढले जातात.

सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ५.१४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातले ऊर्जेचे माप) लागतात. क्लोरीनच्या अणूने तो घेतला की ३.६१ परत मिळतात, कुठल्याच मूलद्रव्याचा आकडा याहून मोठा नाही, फ्लोरीनचाही (३.४०) नाही. तरी १.५३ ची तूट राहतेच. आयनांमधले, म्हणजे भार आलेल्या अणूंमधले, आकर्षण ती ९.४ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) भरून काढते. वायुरूप मिठाच्या रेणूत दोन अणू २.३६ अँगस्ट्रॉमवर असतात, म्हणजे सौदा चौपट अंतरावरच ठरतो! समोर क्लोरीनचा रेणू असेल तर हे अंतर घटते. इलेक्ट्रॉन मिळताच त्याचा बंध सैल पडतो, एक अणू सोडियमबरोबर जातो, दुसरा मोकळा सुटतो.

रसायनशास्त्रज्ञ मायकेल पोलान्यी यांनी सोडियमची वाफ आणि क्लोरीन अगदी कमी दाबावर एकत्र आणले, तेव्हा पिवळा उजेड दिसला. माशाचे कालवण उतू जाऊन शेगडीवर सांडले की निळी ज्योत पिवळी होते, तोच हा सोडियमचा ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश. पुढे अशा टकरी रेणूंच्या झोतांत एकेक करून तपासता आल्या. त्या कामातले डडली हर्शबाक आणि युआन ली यांना, तसेच नव्या रेणूंचा अवरक्त प्रकाश तपासणारे मायकेल यांचे चिरंजीव जॉन पोलान्यी यांना १९८६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

उरण-पेणच्या किंवा शिरोड्याच्या मिठागरांत मात्र ही अभिक्रिया शोधू नये. तिथे मीठ 'तयार होते' असे आपण म्हणतो खरे, पण खाडीच्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइड आयन होऊनच आलेले असतात; ऊन फक्त पाणी नेते. पाणी त्यांच्यातले आकर्षण सुमारे ८० पटींनी कमी करते आणि प्रत्येक आयनाला वेढून बसते. हा वेढा किती जड, ते वायुस्थितीत कळते. उघडा क्लोराइड आयन मिथिल ब्रोमाइड या कार्बनी संयुगातल्या ब्रोमीनची जागा पाण्यातल्यापेक्षा कितीतरी पटींनी वेगाने बळकावतो. अशा अभिक्रियांत आयनाला पाण्याचे दोन-तीन रेणू चिकटले तरी वेग झपाट्याने घसरतो.